रंगखात्यात माणसं शून्य

नाकमुरडे हे त्याचं आडनाव नव्हतं. पण ते त्याला इतकं चिकटलं होतं, की नवीन लागलेली टेलिफोनवाली खुशाल "नाकमुरडे साहेब, तुमचा फोन" म्हणायची आणि हा निमूट उठायचा. खिशातून स्वच्छ रुमाल काढायचा, रिसीव्हर दोन्ही टोकांना पुसायचा आणि मगच कानाला लावायचा. टेलिफोनवालीचा चेहरा उतरायचा. पण त्याला इलाज नव्हता. साखरेच्या डब्यात बुडवलेला ओला चमचा, बेसिनच्या जाळीत अडकलेले केस, बोटाला थुंकी लावून कागद उलटणारा माणूस, या गोष्टी इतरांना दिसायच्याच नाहीत आणि याला दुसरं काही दिसायचं नाही. बायको म्हणायची, "देवाने घडवताना तुमचं नाक आधी केलं आणि उरलेला माणूस त्याला जोडला."

कंपनी लोखंडी कपाटांची होती. वर ऑफिस, खाली कारखाना. खाली पत्रा कापायचे, वाकवायचे, जोडायचे आणि शेवटी मागच्या बिनखिडकीच्या खोलीत फवाऱ्याने रंगवायचे. त्या खोलीला सगळे रंगखातं म्हणत. नाकमुरडे वर आस्थापनेत हेडक्लार्क होता. कोण कुठल्या कामावर, कुणाची रजा किती शिल्लक, कोण कुणाला विचारून घरी गेला, हे बघणं त्याचं काम. आणि खाली रंगखात्यात होता त्याचा थोरला भाऊ. दादाने मिसरूड फुटायच्या आत हातात फवाऱ्याची गन धरली, धाकट्याला शिकवलं आणि एक दिवस रंगाने माखलेल्या कपड्यांनिशी मालकांपुढे उभा राहून म्हणाला, "माझा भाऊ पदवीधर झालाय. त्याला वर कुठेतरी टेकवा." मालकांनी टेकवला. दादाच्या अंगाला कायम थिनरचा वास यायचा. जगातला तेवढा एकच घाण वास नाकमुरडेला आपला वाटायचा.

असं सगळं बरं चाललेलं असताना कंपनीत सॉफ्टवेअर आलं.

ते घेऊन आलेला माणूस मोठा गोडबोल्या होता. टायची गाठ सारखी चाचपायचा. त्याने भिंतीवर पडदा लावला आणि सांगितलं, की आधी कंपनीची रचना भरायची, मग बाकी सगळं. सगळ्यात वर कंपनी. तिच्याखाली शाखा. शाखेखाली विभाग. प्रत्येक विभागाला एक प्रमुख. प्रत्येक माणूस एका विभागात, एकाच. रजा असो, सामान असो, मागणी विभागातून निघणार, प्रमुखाच्या मंजुरीने पुढे जाणार. स्टोअरमधून काय आणि किती द्यायचं, ते विभाग कुठला आणि त्यात माणसं किती यावर ठरणार. "कपाटाला खण पाडता ना तुम्ही, तसंच," तो म्हणाला आणि स्वतःच हसला.

नाकमुरडेला हे मनापासून आवडलं. एक माणूस, एक जागा, कुणी कुणाच्या खणात हात घालायचा नाही. इतकी स्वच्छ गोष्ट या कंपनीत पहिल्यांदाच येत होती. त्याने दोन दिवस बसून सगळं भरलं. मुख्य कार्यालय, कारखाना, बाहेरगावच्या तीन शाखा. विक्री, खरेदी, हिशेब, कापणी, जोडणी, रंगकाम. पडद्यावर चौकोनांखाली चौकोन लटकलेलं रचनेचं ते झाड असं नेटकं दिसलं, की घरी जाताना तो चक्क गुणगुणत गेला.

तिसऱ्या दिवशी मालकांचं घराणं ते झाड बघायला आलं, आणि तिथून घाणीला सुरुवात झाली.

मालकांना दोन मुलगे, एक जावई आणि एक भाचा. चौघेही कंपनीत होते, म्हणजे चौघांनाही कंपनीत केबिन होत्या. कोण काय करतं हे आजवर कुणी विचारलं नव्हतं, कारण लिहायची वेळच आली नव्हती. आता प्रत्येकाने पडद्यावर आपलं नाव शोधलं. थोरल्याने पाहिलं, की धाकटाही त्याच रांगेत आहे. धाकट्याने पाहिलं, की आपला चौकोन थोरल्याच्या चौकोनाच्या उजवीकडे, म्हणजे नंतर आहे. भाच्याला चौकोनच नव्हता. आणि जावईबापू तर विक्री विभागात होते, विक्रीच्या मॅनेजरच्या खाली.

"म्हणजे मी रजेला त्याची परवानगी मागायची?" जावईबापू म्हणाले.

"आपण रजेवरच असता तर..." असं काहीतरी नाकमुरडेच्या जिभेवर आलं होतं. त्याने ते गिळलं. अशा गिळलेल्या वाक्यांवरच तो इतकी वर्षं जगला होता.

मग आठवडाभर हेच चाललं. बाहेर कपाटांच्या ऑर्डरी खोळंबलेल्या आणि आत हे चौघे चौकोनांसाठी भांडतायत. एकदा तर थोरल्याने आणि धाकट्याने एकाच माउसवर हात ठेवला आणि दोघेही सोडेनात. खारे शेंगदाणे खाऊन तेलकट झालेल्या बोटांनी ते पडद्यावर "हा इकडे, तो तिकडे" दाखवत होते, आणि कारखाना, हिशेब, खरेदी, सगळ्यांवर त्या बोटांचे डाग उमटत होते. शेवटी प्रत्येकाने स्वतःसाठी एकेक नवा विभाग मागून घेतला. थोरल्याला धोरण विभाग. धाकट्याला प्रतिमा विभाग. भाच्याला समन्वय विभाग. जावईबापूंना विस्तार विभाग. विस्तार कशाचा, ते विचारायची सोय नव्हती. जावईबापूंच्या पोटाचा म्हणावं, तर तो आधीच झालेला होता.

पण घोडं अडलं भलतीकडेच. विभाग तयार केला, प्रमुख नेमला, तरी चौकोन पडद्यावर दिसेना. गोडबोल्या म्हणाला, "ज्या विभागात माणूस नाही, तो सिस्टिम दाखवत नाही. प्रमुख सोडून निदान एक तरी माणूस हवा."

माणसं आणायची कुठून? विक्रीचा मॅनेजर माणूस द्यायला तयार नाही. हिशेबवाले तर अंगावरच आले. तेव्हा जावईबापूंना सुचलं. "रंगखात्यातले घ्या की. ते कशाला बघायला येतायत वर?"

सगळे हसले. सुटले एकदाचे, असं हसले.

"फक्त दाखवण्यापुरतं," मालक नाकमुरडेला म्हणाले. मालक तसे वाईट नव्हते, पण घरची भांडणं मिटत असतील तर त्यांनी कारखान्याचं छप्परही काढून दिलं असतं. "काम करतील जिथे करतायत तिथेच."

"पण साहेब, मग रंगखात्यात माणसं शून्य दिसतील."

"सिस्टिमला चालतं," गोडबोल्या टाय चाचपत म्हणाला. "एरर येत नाही."

नाकमुरडेने एकेक नाव उचललं आणि हलवलं. रंगखात्यातल्या दहा-बारा जणांची चार घरांत वाटणी झाली. दादाचं नाव विस्तारात गेलं. मग नाकमुरडेने बेसिनवर जाऊन साबणाने हात धुतले, पुन्हा धुतले, आणि तरी दिवसभर बोटं चिकट वाटत राहिली.

पुढच्या महिन्यात दादा मास्क आणायला स्टोअरमध्ये गेला. रंगखात्यातले मास्क साधे नसतात. त्यांना पुढे दोन डबे असतात, त्यात कोळशासारखी पूड असते, आणि ते डबे महिन्याकाठी बदलावे लागतात, नाहीतर नाकाला काही न बांधल्यासारखंच. आजवर दादा जायचा, सही करायचा, खोकं उचलून आणायचा. या वेळी स्टोअरवाल्याने कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि मान हलवली.

"रंगखात्यात माणसं शून्य. मास्क शून्य."

"अरे, मी तुझ्यापुढे उभा आहे ना?"

"तू आहेस, पण तू विस्तारात आहेस. विस्ताराचं सामान आलंय, ते घेऊन जा." आणि त्याने दादापुढे एक डायरी, दोन पेनं आणि खुर्चीवर टाकायची एक उशी ठेवली.

दादा ते सगळं घेऊन वर आला, धाकट्याच्या टेबलावर ठेवलं. "पेन नाकाला बांधू का?" एवढंच म्हणाला आणि गेला. विस्तार म्हणजे काय, हे त्याने विचारलं नाही आणि नाकमुरडेनेही सांगितलं नाही.

नाकमुरडेने रीतसर मागणी टाकली. विस्तार विभागाचे प्रमुख जावईबापू, म्हणून ती त्यांच्याकडे गेली आणि नामंजूर होऊन परत आली. तो केबिनमध्ये गेला. जावईबापू दात कोरत होते. कोरलेलं काडीवरून निरखून बघत होते.

"विस्तार विभागाला मास्क कशाला हो? लोक काय म्हणतील?"

"साहेब, ती माणसं खरं म्हणजे रंग मारतात."

"मग रंगखात्यातून मागवा."

"रंगखात्यात माणूसच नाही."

"मग मास्क कुणाला पाहिजेत?" जावईबापू म्हणाले, आणि काडी टेबलाच्या कडेला पुसली.

नाकमुरडे मालकांकडे गेला. मालक म्हणाले, "मोठ्या मुश्किलीने घरात शांतता झालीय. आता काही हलवू नकोस. दोन-तीन महिन्यांनी बघू." तो बाजारात जाऊन स्वतः साधे मास्क घेऊन आला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते आतूनही रंगले.

त्यानंतर नाकमुरडे हळूहळू खाली जायचं टाळू लागला. आधी रोज जेवताना दोघे भाऊ एकत्र बसायचे. आता याला वर कामच फार असायचं. काम कसलं, झाडाला पाणी घालत बसायचा. प्रतिमा विभागाचा रंग निळा करा, समन्वयाचा चौकोन थोडा मोठा दिसू द्या. स्वतःची त्याला शिसारी येत होती, पण शिसारी आली म्हणून तो उठून गेला असं काही झालं नाही.

एका सुट्टीच्या दिवशी तो भावाकडे गेला. दादा झोपला होता. भरदुपारी दादा झोपलाय, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. वहिनी मोरीत कपडे धूत होती. तिने त्याला हाक मारली.

"भावजी, इकडे या. हे बघा."

मोरीत एका बादलीत रुमाल भिजत घातले होते. दादाचे, खोकताना तोंडाला लावायचे. वहिनी एकेक रुमाल काढून दाखवू लागली. "हा कालचा. काल राखाडी कपाटं होती वाटतं. हा परवाचा, हिरवा. हा त्याच्या आदल्या दिवशीचा. आज कारखान्यात कुठला रंग चाललाय, ते मला आता यांना विचारावं लागत नाही." तिचा आवाज अगदी सरळ होता. "तुम्ही वर बसता ना? वर कुणाला सांगता येत नाही का?"

ओल्या चमच्याने ज्याचा जीव कासावीस व्हायचा, त्या माणसाने तो हिरवट, कफाने बुळबुळीत झालेला रुमाल वहिनीच्या हातातून घेतला. त्याला ओकारी आली नाही. त्याला रडू आलं, आणि वहिनीसमोर रडायची लाज वाटली म्हणून तो मोरीत खाली बसून रुमाल धुऊ लागला. वहिनी "अहो, काय करता" म्हणत राहिली. त्याने सगळे धुतले.

दादा उठला तेव्हा त्याने सगळं सांगून टाकलं. चौकोन, चार विभाग, हलवलेली नावं. "मी हलवलं, दादा. माझ्या हाताने. तू रंगखात्यात नाहीसच. कुणीच नाही. तू विस्तारात आहेस, जावईबापूंच्या हाताखाली."

 दादाला बोलायच्या आधी श्वास गोळा करावा लागत होता.

"म्हणजे आम्ही वरचे झालो?"

"कॉम्प्युटरवर."

"मग आम्ही खाली काय करतोय?" दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा झाला आणि रंगखात्यातली माणसं खाली गेलीच नाहीत. ती जिना चढून वर आली. कुणाचा शर्ट राखाडी, कुणाच्या भुवया हिरव्या, सगळ्यांच्या अंगाला थिनर. ओरडा नाही, घोषणा नाही. सरळ चौघांच्या केबिनमध्ये गेले आणि बसले. धोरण विभागाचे धोरणात, प्रतिमा विभागाचे प्रतिमेत. दादा विस्तारात शिरला आणि जावईबापूंच्या समोरच्या पांढऱ्या सोफ्यावर टेकला. येताना धाकट्याच्या टेबलावरून उचललेली स्टोअरची डायरी आणि पेन त्याने मांडीवर घेतलं होतं.

"हे काय? कोण तुम्ही?" जावईबापू उठून उभेच राहिले.

"तुमचाच माणूस, साहेब. विस्तार विभाग. काय काम करू?"

नाकमुरडे दारात उभा होता. त्याला यातलं आधी काहीच ठाऊक नव्हतं. त्याने दादाच्या पाठीकडे पाहिलं, आणि त्या पांढऱ्या सोफ्यावर पसरत जाणारा राखाडी डाग बघून त्याला आयुष्यात पहिल्यांदा एखादा डाग फार बरा वाटला.

अर्ध्या तासात वरचा सगळा मजला थिनरच्या वासाने भरून गेला. माणसं रोज दिवसभर ज्या वासात उभी असतात, तो नुसता त्यांच्या कपड्यांना लागून वर आला, तर चौघांच्या डोळ्यांना धारा लागल्या. धाकट्याने खिडक्या उघडल्या. भाच्याने नाकाला टाय धरली. आणि जावईबापूंनी फोन उचलून स्टोअरला सांगितलं, की ताबडतोब चार मास्क वर पाठव, ते डबेवाले, चांगले.

मास्क आले. पाच मिनिटांत आले. मागणी नाही, मंजुरी नाही. स्टोअरवाला स्वतः धावत घेऊन आला. जावईबापूंनी मास्क तोंडाला चढवला, दोन्ही पट्टे डोक्यामागे घट्ट ओढले, आणि त्या डब्यांच्या आडून दादाकडे बघत राहिले.

"साहेब," दादा म्हणाला, "हा कुठे मिळतो?"

  उकिरडे नाकमुरडेने पाहिले होते, तुंबलेली गटारं पाहिली होती, पण स्वच्छ केबिनमध्ये स्वच्छ कपडे घातलेल्या माणसाच्या तोंडावर बसलेला तो कोरा करकरीत मास्क, याच्याइतकं गलिच्छ त्याने काही पाहिलं नव्हतं. या घाणीला खतपाणी घालणारे आपणच, हेही त्याला त्याच क्षणी दिसलं.

एवढ्यात मालक आले. खाली कपाटं रंगाशिवाय उभी, ट्रक फाटकात थांबलेला. ते नाकमुरडेवरच खेकसले. "यांना खाली पाठव! आत्ताच्या आत्ता!"

"खाली कुठे पाठवू, साहेब?" नाकमुरडे म्हणाला. या वेळी त्याने वाक्य गिळलं नाही. "खाली कुणी नाहीच. तुम्हीच मंजूर केलंय. रंगखात्यात माणसं शून्य. कपाटं रंगवायची असतील तर तुमच्या सिस्टिमला सांगा, ती रंगवेल. आणि हे मास्क बघा. या चौघांना पाच मिनिटांत. माझ्या भावाच्या छातीत तीन महिने रंग बसलाय, तेव्हा विस्तार विभागाला मास्क शोभत नव्हता. थू तुमच्या त्या झाडावर."

थू हे त्याने नुसतं म्हटलं नाही. जावईबापूंच्या गुळगुळीत फरशीवर तो खरोखर थुंकला. आयुष्यात पहिल्यांदा, भर केबिनमध्ये. आणि रुमाल काढला नाही.

मालकांनी जावयाकडे पाहिलं, ट्रकच्या हॉर्नचा आवाज ऐकला आणि घरातल्या शांततेचा नाद सोडला. नाकमुरडेने तिथेच बसून नावं परत हलवली. रंगकाम, रंगकाम, रंगकाम. तीन चौकोन पडद्यावरून आपसूक नाहीसे झाले. मास्कांची खोकी वर आली, माणसांनी ती काखोटीला मारली आणि जिना उतरून गेली. दादाचं नाव शेवटचं राहिलं होतं.

पण दादा उठला नाही.

"चल, दादा," नाकमुरडे म्हणाला.

"बसतो जरा," दादा म्हणाला. त्याने सोफ्याच्या कडेला हात रोवून उठायचा प्रयत्न केला होता, ते नाकमुरडेने पाहिलं होतं. "सकाळी जिना चढलो, तेवढ्यातच सगळं संपलं बघ. आता उतरेन, पण खाली जाऊन गन धरणं नाही व्हायचं."

डॉक्टरनेही नंतर तेच सांगितलं. रंगाच्या खोलीत पाऊल ठेवायचं नाही. मास्क लावूनसुद्धा नाही.

तेव्हापासून दादा विस्तार विभागातच आहे. त्याला तिथून काढायची जावईबापूंची फार इच्छा आहे, पण काढता येत नाही, कारण दादाचं नाव काढलं, की त्यांचा चौकोन पडद्यावरून जाईल. आणि तो चौकोन त्यांना सासऱ्याहूनही प्रिय आहे. म्हणून दादा रोज येतो, वहिनी त्याला जिन्यापर्यंत सोडते, आणि नाकमुरडे त्याला हाताला धरून एकेक पायरी वर आणतो. सोफ्याचं कापड बदललंय. दादा खिडकीपाशी बसतो, डायरी उघडून ठेवतो. जावईबापू पाहुण्यांना सांगतात, "हा आमचा विस्तार विभाग," आणि पाहुणे दादाकडे बघून आदराने मान डोलावतात.

अशा वेळी नाकमुरडे दारातून भावाकडे बघतो. दादाला हसू फुटत असतं. पण तो तोंडावर रुमाल धरून ते दाबून ठेवतो, कारण हसू सुरू झालं की त्याचा खोकला होतो, आणि तो मग लवकर थांबत नाही.